गोलांच्या दुनियेतला दांडा

गुरुत्वाकर्षणाच्या राज्यात सरळ रेषेला सहसा थारा नसतो. तारे गोल, ग्रह गोल, शनीची कडी गोल, कक्षा लंबगोल. वायूचा ढग फिरता फिरता आकसत गेला तर त्याची चपटी चकती होते आणि तीही गोलच. म्हणून एनजीसी १३६५ या दीर्घिकेचं छायाचित्र पहिल्यांदा पाहताना नजर अडखळते. मधोमध तेजस्वी गाभा आणि त्या गाभ्यातून आरपार गेलेला सरळसोट दांडा. दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक भुजा फुटते, तिथेच झटकन वळते आणि दूरवर पसरत जाते. अख्खी दीर्घिका आडव्या ताणलेल्या झेड अक्षरासारखी दिसते. दांड्याची लांबी पन्नास हजार प्रकाशवर्षांहून जास्त. एका टोकाहून निघालेला किरण दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पृथ्वीवर माणूस गुहेतल्या चित्रांपासून कृत्रिम उपग्रहांपर्यंत येऊन ठेपतो.

तारे, वायू, धूळ यांनी बनलेली इतकी लांब गोष्ट सरळ राहतेच कशी? दीर्घिकेचा आतला भाग लवकर फेरी मारतो, बाहेरचा सावकाश. अशा चकतीवर कुणी सरळ रेघ ओढली तर दोन-चार फेऱ्यांत तिचा गुंडाळा व्हायला हवा. इथे तसं झालेलं नाही. दांडा सरळच आहे, आणि सरळ राहून सबंधच्या सबंध फिरतो आहे. त्याची एक फेरी पुरी व्हायला सुमारे ३५ कोटी वर्षं लागतात.

शास्त्रीय भाषेत ही दंडयुक्त सर्पिल दीर्घिका. तिचा मुक्काम दक्षिण आकाशातल्या फॉर्नॅक्स, मराठीत अश्मंत, या तारकासमूहात. या समूहामागे ना पुराणकथा ना देवदेवता. निकोला-लुई द लाकाय हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७५१-५२मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप टाउनला, राहून तिथून दिसणारे तारे मोजत होता. रिकाम्या वाटणाऱ्या जागांना त्याने आपल्या काळातल्या उपकरणांची नावं देऊन टाकली: हवेचा पंप, सूक्ष्मदर्शक, दुर्बीण आणि रसायनशाळेतली भट्टी. त्या भट्टीचं हे फॉर्नॅक्स. डोळ्यांना तिथे फारसं काही दिसत नाही. दुर्बिणीतून मात्र दीर्घिकांचा एक सबंध गट उलगडतो. तो आपल्यापासून सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्या गटातली सर्वांत देखणी, दोन लाख प्रकाशवर्षं रुंद दीर्घिका म्हणजे आपली एनजीसी १३६५.

सहा कोटी वर्षं हा आकडा महाराष्ट्रातल्या माणसाला तसा परका वाटू नये. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसाने घडला, तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे आज दुर्बिणीत शिरणारा हा प्रकाश जेव्हा निघाला, तेव्हा हरिश्चंद्रगडाचा दगड थिजून साठेक लाख वर्षं लोटली होती. हिमालय मात्र अजून उभा राहायचा होता.

ही दीर्घिका पहिल्यांदा पाहिली ती जेम्स डनलॉपने, १८२६ साली. स्कॉटलंडच्या एअरशायरमधल्या डॅल्री गावचा हा विणकराचा मुलगा. महाविद्यालयाचं तोंड न पाहिलेला, पण हाताने दुर्बिणी घडवण्याचं वेड असलेला. सर थॉमस ब्रिस्बेन न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर म्हणून निघाले, तेव्हा त्यांनी पॅरामाटाला खासगी वेधशाळा उभारायची ठरवली आणि डनलॉपला सोबत नेलं. सिडनीजवळचं पॅरामाटा ही तेव्हा कैद्यांच्या वसाहतीतली वस्ती होती. तिथे डनलॉपने स्वतः बनवलेल्या नऊ इंची आरशाच्या दुर्बिणीने दक्षिण आकाश विंचरून काढलं आणि ६२९ तेजोमेघ व तारकागुच्छांची यादी केली. १८२८मध्ये ती लंडनला प्रसिद्ध झाली आणि रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

पुढे इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल केपला गेला आणि १८३४ ते १८३८ या काळात अधिक मोठ्या दुर्बिणीतून हीच यादी घेऊन बसला. त्याला त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश गोष्टी सापडल्या. बाकीच्यांचं काय झालं? काही ठिकाणी जवळजवळचे अंधुक तारे डनलॉपला ढगासारखे दिसले असावेत, काही ठिकाणी जागाच चुकीची नोंदवली गेली. त्याच्या नावाला तेव्हा लागलेला बट्टा बराच काळ पुसला गेला नाही. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. परक्या मुलखात, घरच्या घरी घासलेल्या आरशातून एकट्याने केलेलं हे काम आहे, आणि जे खरं निघालं त्यात एनजीसी १३६५ आहे. आणखी एक गंमत नकाशावरून काढता येते. डनलॉप ज्या डॅल्रीत जन्मला, तिथून ही दीर्घिका कधीच क्षितिजावर येत नाही. पॅरामाटाहून ती जवळपास डोक्यावर येते. डनलॉपला ती सापडावी म्हणून त्याने पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला जाणं भागच होतं.

डनलॉपला दिसला असणार तो एक धूसर, लांबट डाग. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. आणि दांड्याचं कोडं खऱ्या अर्थाने सुटू लागलं ते संगणक आल्यावर. १९७१मध्ये नासाच्या लँग्ली केंद्रात फ्रँक होलने एक लाख काल्पनिक तारे संगणकात सोडले, त्यांची फिरती चकती केली आणि गुरुत्वाकर्षणाखेरीज कुठलाही नियम न लावता ती चालू दिली. अपेक्षा अशी की सुबक गोल चकती तशीच फिरत राहील. झालं भलतंच. चकती डळमळली आणि थोड्याच फेऱ्यांत तिच्या मधोमध दांडा उभा राहिला. इतरांच्या प्रयोगांतही तेच. प्रश्न उलटाच झाला: दांडा का होतो हे राहू द्या, आकाशात बिनदांड्याच्या एवढ्या दीर्घिका आहेत त्या कशा?

१९७३मध्ये जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स यांनी यावर तोडगा सुचवला. चकतीभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचं मोठं, गोलसर वेष्टन असेल तर ती सावरली जाते. आज ज्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो, त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या युक्तिवादांपैकी हा एक. पुढे हे प्रकरण वाटलं होतं त्याहून गुंतागुंतीचं निघालं, कारण कृष्णद्रव्य काही वेळा दांड्याची वाढ रोखण्याऐवजी तिला हातभारच लावतं. तरी दांड्याच्या कोड्यामागून विश्वातल्या सगळ्यात मोठ्या कोड्यापर्यंत वाट निघाली, हे खरं. पीबल्स यांना २०१९मध्ये नोबेल मिळालं ते विश्वरचनेवरच्या अशाच अनेक दशकांच्या कामासाठी.

तर दांडा म्हणजे काय? ती वस्तू नव्हेच. लेझमीचं पथक गच्चीवरून पाहा. प्रत्येक गडी आपल्या जागी चार पावलं पुढे, चार मागे असा झुलत असतो, पण सगळ्यांचं झुलणं एका दिशेत जुळलेलं असल्यामुळे वरून एक सरळ रांग दिसते, आणि ती रांग सबंधच्या सबंध सावकाश फिरते. दांड्यातले अब्जावधी तारे असेच लांबट, चिंचोळ्या कक्षांत इकडून तिकडे जात-येत असतात. एकटी कक्षा काहीच घडवत नाही. पण काही कक्षांची लांब बाजू योगायोगाने एका दिशेला झुकली की तिथे थोडं जास्त द्रव्य साठतं. ते शेजारच्या कक्षांनाही आपल्या दिशेला वळवतं. वळलेल्या कक्षा खेच आणखी वाढवतात. दांडा स्वतःच स्वतःला घडवत जातो, आणि मघाचा गुंडाळा का होत नाही याचं उत्तरही इथेच आहे: फिरतो आहे तो ताऱ्यांच्या हालचालीचा आकृतिबंध, आणि त्याला स्वतःचा असा एकच वेग आहे.

कक्षांच्या या ताळमेळाचं गणित विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं स्वीडनच्या बर्टिल लिंडब्लाड यांनी. दीर्घिकांमधल्या काही महत्त्वाच्या अनुनादांना, म्हणजे ताऱ्यांच्या कक्षांची लय आकृतिबंधाच्या फेरीशी जुळते त्या जागांना, आजही त्यांचंच नाव आहे. त्यांचा मुलगा पेर ओलोफ लिंडब्लाड याने हीच परंपरा पुढे चालवली आणि १९९९मध्ये एनजीसी १३६५वर सविस्तर आढावा लिहिला. बापाचे अनुनाद आणि मुलाची दीर्घिका. खगोलशास्त्रात घराणी संगीताइतकी नाहीत, पण आहेत.

दांड्याची खरी करामत ताऱ्यांपेक्षा वायूत दिसते. तारे एकमेकांना जवळपास कधीच धडकत नाहीत, मधली अंतरंच तेवढी अफाट आहेत. वायूचे ढग मात्र धडकतात. दांड्याच्या पुढच्या कडेला हा वायू दाबला जातो, त्याचा फिरण्याचा जोर दांडा काढून घेतो, आणि जोर गेला की वायू आत, केंद्राकडे घसरतो. छायाचित्रात गाभ्याच्या दोन बाजूंना दांड्याच्या लांबीने धुळीच्या दोन काळ्या रेघा दिसतात, त्या या घसरणीच्या वाटा. जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात पाहिल्यावर त्याच काळ्या रेघा लखलखीत झाल्या, कारण तापलेली धूळ त्या प्रकाशात स्वतःच चमकते.

एवढा वायू आत गेल्यावर तो गाभ्याभोवती साचतो आणि तिथे ताऱ्यांचं पीक येतं. जेम्स वेब आणि हबल यांची छायाचित्रं एकत्र तपासल्यावर २०२३मध्ये या भागात सुमारे तीस तारकागुच्छ मोजले गेले, ज्यांतला प्रत्येक सूर्याच्या दहा लाख पटींहून जड आहे आणि वय एक कोटी वर्षांपेक्षा कमी. त्यांतले सोळा तोवर धुळीआड दडलेले होते. आपल्यापासून दहा कोटी प्रकाशवर्षांच्या टापूत अशा भरभक्कम तरुण गुच्छांची एवढी श्रीमंती दुसऱ्या कुठल्याच दीर्घिकेत माहीत नाही.

आणि या सगळ्याच्या मधोमध कृष्णविवर. सूर्याच्या सुमारे वीस लाख पट जड, म्हणजे महाकाय कृष्णविवरांत तसं लहानच. त्याचं घटनाक्षितिज, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही ती सीमा, केंद्रापासून साठ लाख किलोमीटरच्या आतच संपते. बुध सूर्यापासून याच्या सुमारे दसपट दूर आहे. दोन लाख प्रकाशवर्षांच्या दीर्घिकेत एवढासा ठिपका, आणि तरी दांड्याने आत लोटलेल्या वायूतला काही वाटा अखेर त्याच्यापर्यंत पोचतो. सगळा नाही. बराचसा तारे होऊन वाटेतच थांबतो आणि थोडा केंद्रातून शंकूच्या आकारात बाहेर फेकला जातो.

विवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीचं मोजमाप कसं घेतलं, ही हकिगत मला या दीर्घिकेच्या बाबतीत सगळ्यात आवडते. इतक्या दुरून ती तबकडी कुठल्याही क्ष-किरण दुर्बिणीत बिंदूपलीकडे दिसणार नाही. पण एप्रिल २००६मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने दोन आठवड्यांत सहा वेळा तिच्याकडे पाहिलं. पाच वेळा केंद्रातून येणारे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण दिसले. एकदा, दुसऱ्या खेपेला, ते गायब होते. वायूचा एक दाट ढग मध्ये आला होता. ग्रहणच लागलं होतं, चंद्राऐवजी ढगाचं. झाकायला आणि उघडायला किती वेळ लागला यावरून तबकडीची रुंदी काढता आली: पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण सातपट. म्हणजे ती गुरूच्या कक्षेत आरामात मावेल. सहा कोटी प्रकाशवर्षांवरची एवढीशी गोष्ट केवळ सावलीच्या वेळेवरून मोजली. ग्रहणाच्या वेळा मोजून चंद्र-सूर्याची गणितं मांडणाऱ्या जुन्या ज्योतिर्विदांना ही युक्ती पहिल्या फटक्यात समजली असती.

२०१२च्या जुलैत नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन क्ष-किरण दुर्बिणी एकाच वेळी या गाभ्यावर रोखल्या गेल्या. लोहाच्या अणूंकडून येणाऱ्या क्ष-किरणांची वर्णपटातली ठरावीक रेषा इथे पसरट, वेडीवाकडी दिसते. यावर वाद होता. काहींच्या मते मध्ये येणाऱ्या ढगांमुळे तसा भास होतो. काहींच्या मते वायू विवराच्या इतक्या जवळ आहे की तिथलं गुरुत्वाकर्षणच रेषा ताणतं. नूस्टारला अधिक उच्च ऊर्जेचे किरण दिसत असल्याने दोन्ही शक्यता वेगळ्या करता आल्या, आणि पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं. ग्वीदो रिझालिती आणि सहकाऱ्यांचा हा निष्कर्ष २०१३च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आला: हे कृष्णविवर सापेक्षतेच्या नियमांनुसार जास्तीत जास्त जितक्या वेगाने गिरकी घेऊ शकेल, त्याच्या किमान ८४ टक्के वेगाने घेतं आहे. कुठूनही आलेले तुकडे गिळणाऱ्या विवराची गिरकी मंदावते, कारण एक घास इकडून फिरवतो, दुसरा तिकडून. एवढी गिरकी असेल तर घास बराच काळ एकाच बाजूने येत राहिले असावेत. दांड्याच्या शिस्तबद्ध पुरवठ्याशी याचा थेट धागा जोडायचा मोह होतो, पण हजारो प्रकाशवर्षांवरून निघालेला वायू शेवटच्या टप्प्यात कुठल्या कोनातून येतो हा वेगळाच प्रश्न आहे. भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहानेही अतिनील आणि क्ष-किरणांत हा गाभा न्याहाळला आहे.

अंतर मोजायलाही ही दीर्घिका कामाला आली. ठरावीक लयीत तेज कमी-जास्त करणाऱ्या सेफिड ताऱ्यांची लय जितकी संथ, तितकं त्यांचं खरं तेज जास्त, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅजेलनच्या मेघांतल्या ताऱ्यांवरून दाखवलं होतं. नव्वदच्या दशकात हबल दुर्बिणीने एनजीसी १३६५मध्ये असे पन्नासेक सेफिड शोधले. त्यावरून तिचं अंतर आणि पर्यायाने सगळ्या फॉर्नॅक्स गटाचं अंतर निघालं, आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरवण्याच्या शिडीला एक पायरी मिळाली.

आपली आकाशगंगाही दांड्याची आहे, हे पुष्कळांच्या गावी नसतं. आपण चकतीतच बसलेले, त्यामुळे आपल्याच दीर्घिकेचा आकार वरून पाहण्याची सोय नाही. शंका १९६०च्या दशकापासून होती. धुळीतून आरपार पाहणाऱ्या स्पिट्झर दुर्बिणीने कोट्यवधी ताऱ्यांची पाहणी केली, तेव्हा २००५मध्ये सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं लांबीचा दांडा ठळकपणे हाती आला. एनजीसी १३६५च्या निम्माच म्हणा. आज जवळपासच्या सर्पिल दीर्घिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश दीर्घिकांमध्ये दांडा सापडतो. २००८मध्ये दोन हजारांहून जास्त दीर्घिका तपासल्यावर असं दिसलं की सातशे कोटी वर्षांपूर्वी हे प्रमाण जेमतेम वीस टक्के होतं. तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली: दांडा म्हणजे प्रौढपणाची खूण, चकती शांत झाल्यावर येणारी. मग जेम्स वेबने अकराशे कोटी वर्षांपूर्वीच्या प्रकाशात दांडे दाखवले, आणि प्रौढपणाची ती व्याख्या पुन्हा तपासावी लागली.

एनजीसी १३६५ महाराष्ट्रातून दिसते, आणि लंडनपेक्षा कितीतरी चांगली. लंडनहून ती क्षितिजापासून जेमतेम दोन अंश वर येते. मुंबई-पुण्याहून पस्तीस अंश, कोल्हापूरहून सदतीस, पणजीहून अडतीस. डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास, जानेवारीच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास, ती बरोबर दक्षिणेला सर्वांत उंच असते. मृग ओळखता आला की त्याच्या उजवीकडे खाली, यमुना तारकासमूहाच्या वळणाच्या कुशीत शोधायचं. तिच्या तेजाची प्रत साडेनऊच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांचं काम नाही. शहराच्या दिव्यांपासून लांब, आठ इंची दुर्बिणीत गाभा आणि आडवा दांडा जाणवतो. भुजांसाठी दहा-बारा इंची आरसा, कोरडी हवा आणि अंधाराला सरावलेले डोळे हवेत. नजर थेट न रोखता किंचित बाजूला ठेवली की अंधुक भुजा अधिक चांगल्या दिसतात.

आणि नियमित पाहणाऱ्याला इथे कधी घबाडही मिळतं. १९५७, १९८३, २००१ आणि २०१२ अशा चार वर्षी या दीर्घिकेत अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन उजळलेले तारे, सापडले. २०१२चा स्फोट चिलीतल्या स्वयंचलित दुर्बिणीने टिपला. २००१चा मात्र रॉबर्ट इव्हान्स या ऑस्ट्रेलियन धर्मगुरूने, सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्समध्ये, साध्या हौशी दुर्बिणीला डोळा लावून शोधला. शेकडो दीर्घिकांच्या भोवतालचे तारे त्यांना पाठ असत. नवा ठिपका दिसला की खटकायचा. ज्याची पाठांतराची तेवढी तयारी नसेल त्याने एक छापील छायाचित्र जवळ ठेवावं, कारण या दीर्घिकेवर आपल्याच आकाशगंगेतले काही तारे समोरून आलेले दिसतात आणि नवख्याला तेच अतिनवतारे वाटतात.